जुने प्रश्नमंजूषेचे कार्यक्रम खरंच चांगले होते, की आपण लहान होतो?

चटईवरचा प्रेक्षक

परवा घरी 'कौन बनेगा करोडपती' चालू होतं. हॉट सीटवरच्या बाई पाचव्या प्रश्नापर्यंत पोचेस्तोवर त्यांच्या गावाची चित्रफीत झाली, आईचे डोळे पुसून झाले, नवऱ्याचं मनोगत झालं, वर जाहिराती. मी कुकर लावून आलो तरी प्रश्न तिथंच.

२००० सालच्या जुलैत हाच कार्यक्रम स्टार प्लसवर सुरू झाला तो आठवा. पंधरा प्रश्न, हजार रुपयांपासून एक कोटीपर्यंत. पहिल्या पर्वात डोक्यावर घड्याळसुद्धा नव्हतं. समोरचा माणूस विचार करत बसायचा आणि त्याच्याबरोबर अख्खं घर. हर्षवर्धन नवाथेंना कोटीचा प्रश्न आला की संसदेच्या कामकाजात भाग घ्यायची मुभा राज्यघटना यांपैकी कुणाला देते. आमच्याकडे चार माणसांची चार उत्तरं. आजोबा 'सरन्यायाधीश' म्हणून अडून बसले. उत्तर 'ॲटर्नी जनरल' निघालं तर म्हणाले, घटनेतच गफलत आहे! दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन बघूनच आले. अनुच्छेद ८८. बोलायचा हक्क आहे, मताचा नाही. ही शेवटची पुरवणी आम्हाला आठवडाभर ऐकावी लागली.

माझं म्हणणं एवढंच, की तेव्हा आपण घरबसल्या खेळायचो, आता नुसतं बघतो. त्याआधी १९८५ पासून दूरदर्शनवर सिद्धार्थ बसूंचं 'क्विझ टाइम' होतं, नव्वदच्या दशकात झीवर डेरेक ओब्रायन यांची बॉर्नव्हिटा क्विझ होती. अन्नू कपूरच्या 'अंताक्षरी'त दीवाने, परवाने, मस्ताने असे तीन गट असायचे, तसे आमच्या चाळीतही पडायचे. आताचे कार्यक्रम असं काही घडवतात का?

खडूस काकू

तुम्ही लहान होतात. संपलं. धागा बंद करा.

बरं, सविस्तर लिहिते. तुमचं ते 'क्विझ टाइम' इंग्रजीत, खेळायला कॉलेजांचे संघ. आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं सरपंचांच्या ओसरीवर बसून ते बघायचो ते फक्त टीव्ही चालू आहे म्हणून. प्रश्न कळायचा नाही, उत्तर कळायचं नाही, टाळ्या तेवढ्या कळायच्या. बॉर्नव्हिटाचं तेच. तुम्ही 'आपण खेळायचो' म्हणता, त्या 'आपण'मध्ये आम्ही कधी होतो?

२०११ मध्ये मोतीहारीच्या सुशील कुमारनं पाच कोटी जिंकले. मनरेगाच्या कामावर संगणक चालवणारा मुलगा, महिना सहा हजार पगार. तुमच्या त्या सुवर्णकाळात हा गडी पडद्यावर दिसला असता का? त्याची गोष्ट पाच मिनिटं ऐकली तर तुमचा कुकर करपतो?

चटईवरचा प्रेक्षक

काकू, इंग्रजीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. तो माझ्या डोक्यातच आला नव्हता, आणि का आला नव्हता तेही कळतंय. पण सुशील कुमारची गोष्ट लोकांना भिडली कारण तो तेरा प्रश्नांची उत्तरं देऊन तिथवर गेला. आधी खेळ, मग गोष्ट. हल्ली आधी गोष्ट, आणि मग जमलं तर खेळ. माझी तक्रार क्रमाबद्दल आहे.

रिमोटचा मालक

'पूर्वी सगळं निखळ होतं' असं म्हणणाऱ्यांसाठी अमेरिकेतलं एक प्रकरण. १९५६-५७ मध्ये तिथं 'ट्वेंटी-वन' नावाचा कार्यक्रम तुफान गाजत होता. काचेच्या दोन वेगवेगळ्या बंद खोल्यांत दोन स्पर्धक, कानाला हेडफोन. चार्ल्स व्हॅन डोरेन हा देखणा प्राध्यापक आठवड्यामागून आठवडे जिंकतोय, देश टीव्हीसमोर. १९५९ मध्ये त्यानं काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या समितीपुढे कबूल केलं, की प्रश्न आणि उत्तरं त्याला आधीच मिळत होती. त्याच्याआधीचा विजेता हर्बर्ट स्टेम्पल, त्याला तर हरायला लावलेलं. उत्तर देताना किती थांबायचं, कपाळावरचा घाम कसा टिपायचा, याचीसुद्धा तालीम असायची. मग १९६० मध्ये अशी लबाडी गुन्हा ठरवणारा कायदा आला.

तेव्हा चटईवाले, भावनिक नाटक नवं नाही. पूर्वी घाम होता, आता अश्रू आहेत. आणि आताच्या अश्रूंसाठी निदान उत्तरं तरी कुणी फोडत नाही.

चटईवरचा प्रेक्षक

हे आपल्याकडच्या कार्यक्रमांना कशाला चिकटवताय? अमेरिकेत साठ-सत्तर वर्षांपूर्वी चोरी झाली म्हणून माझे आजोबा वाचनालयात गेले ते खोटं ठरतं का?

रिमोटचा मालक

आजोबा खरे. आजोबांना सलाम. पण त्यांचं श्रेय चॅनेलला देऊ नका, एवढंच म्हणतोय.

मधली बहीण

सगळे ज्ञानाचंच धरून बसलेत. 'होम मिनिस्टर' कुणाला आठवलं नाही? २००४ ते २०२२, मधल्या खंडासकट धरा, पण एवढी वर्षं आदेश बांदेकर रोज संध्याकाळी कुणाच्या ना कुणाच्या घरात. त्यात घटनेचा अनुच्छेद विचारत नव्हते. साधे खेळ, चार गप्पा आणि शेवटी पैठणी.

माझी आई सव्वासहालाच कणीक मळून ठेवायची. कार्यक्रम लागला की परातीवर ओलं फडकं आणि ही सोफ्याच्या हातावर टेकलेली, म्हणजे 'मी बसले नाहीये, उभीच आहे' असं दाखवायला. तिचं लक्ष खेळाकडे नसायचं. भावोजींनी 'नवऱ्यानं शेवटची भेट काय दिली?' असलं काही विचारलं, की सून उत्तराआधी सासूकडे बघते का, हे ती बघायची. बघितलं, की म्हणायची, 'ही काही खरं सांगायची नाही.' ही पण स्पर्धाच होती, आणि आई कधी हरली नाही.

चटईवाल्यांना गोष्टी नकोत, पण इथं गोष्ट हाच खेळ होता.

खडूस काकू

मधले, जियो! आणि ती पैठणी मिळालेली बाई ती नेसून लगेच कॅमेऱ्यासमोर यायची, ते कसं विसरलीस?

गणितमास्तर

मी उशिरा आलो. मला जुन्या खेळांत आवडायचा तो त्यांचा सांगाडा. उघडा असायचा, कुणीही त्यात बोट घालावं. १९८४ मध्ये 'प्रेस युअर लक' नावाच्या अमेरिकी कार्यक्रमात फलकावरचे दिवे वेडेवाकडे फिरायचे. मायकेल लार्सन नावाच्या माणसानं घरी भाग रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा पाहिले, तर दिवे मोजक्या पाचच क्रमांनी फिरतायत. त्यानं ते पाठ केले आणि १,१०,२३७ डॉलर घेऊन गेला. चॅनेलनं फसवणूक शोधायचा प्रयत्न केला, पण नियम मोडलाच नव्हता, पैसे द्यावे लागले.

आपल्याकडे अमन वर्माचं 'खुल जा सिम सिम' यायचं, ते 'लेट्स मेक अ डील'वर बेतलेलं. त्याच खेळावरून निघालेलं कोडं: तीन दारं, एकामागे बक्षीस. तुम्ही एक निवडता. बक्षीस कुठंय हे माहीत असलेला सूत्रधार उरलेल्यांतलं एक रिकामं दार मुद्दाम उघडून दाखवतो आणि विचारतो, बदलणार? बदलावं की नाही?

रिमोटचा मालक

काय फरक पडतो? दोन दारं उरली, निम्मी-निम्मी शक्यता.

गणितमास्तर

नाही. बदललं तर दोन तृतीयांश. १९९० मध्ये मॅरिलिन व्हॉस सॅव्हंट यांनी आपल्या सदरात हेच लिहिलं, तर त्यांना वेड्यात काढणारी हजारो पत्रं आली. त्यांत पीएचडीवालेही होते. तुमची संगत वाईट नाही.

रिमोटचा मालक

पटत नाही. दारांना काय कळतं आधी कुठलं निवडलं होतं ते?

चटईवरचा प्रेक्षक

मास्तर, धागा भरकटवलात. पण मलाही निम्मंच वाटतंय.

खडूस काकू

तुम्ही भांडत बसा. मी नातीला घेऊन तीन वाट्या पालथ्या घातल्या, एकीखाली बेदाणा. तीस वेळा खेळलो, ती दरवेळी वाटी बदलत होती. एकवीस वेळा बेदाणा तिला. मास्तर बरोबर आहेत.

आता ती म्हणते, मी न बदलता खेळायचं आणि तिनं लपवायचं. साडेदहा वाजलेत, उद्या शाळा आहे, आणि ही सातव्यांदा वाट्या मांडतेय. मी चार हरलेय.