पद्मिनीला मळी पाजण्याआधी जरा थांबा

नौपाडा_११००
काल वाघबीळच्या एका मित्राने इथे फोटो टाकला. ९२ ची पद्मिनी, बॉनेट उघडं, आणि खाली ओळ: "कार्बोरेटरचं जेट (इंधनाचं भोक) मोठं केलं, ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं, आता शंभर टक्के इथेनॉल. जुन्या गाड्यांचं भविष्य हेच. म्हातारे रडत बसतील." म्हातारा मीच. तेव्हा रडतो, आणि जरा सविस्तर रडतो.

माझ्याकडे ७३ ची प्रेसिडेंट आहे, म्हणजे पद्मिनीच, आधीच्या नावाची. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गेल्या पावसाळ्यात ती दीड महिना ताडपत्रीखाली होती. टाकीत आपलं नेहमीचं पंपावरचं पेट्रोल, म्हणजे २० टक्के इथेनॉल आलंच. गणपतीत बाहेर काढली आणि तीनहात नाक्यावर बंद. मागे बस, बसमागे अख्खं ठाणं. घरी ढकलत आणून कार्बोरेटरचं झाकण काढलं तर फ्लोट चेंबरच्या, म्हणजे आत इंधन साठतं त्या कप्प्याच्या, तळाला पांढरी भुकटी, खडू किसल्यासारखी. नखाने खरवडली तर खाली धातूला बारीक खड्डे. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम (रबरी पडदा) ओल्या पापडासारखा लोंबत होता. ही २० टक्क्यांची करणी. तुम्ही तर पाचपट ओतताय!

कार्बोरेटर जस्ताच्या मिश्रधातूचा, गॅस्केटं बुचाची, इंधनाच्या नळ्या, म्हणजे होज, साध्या रबराचे. कुर्ल्यात ही गाडी बनत होती तेव्हा तिला साखर कारखान्याच्या मळीतून आलेलं इंधन पाजतील हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा कमी, पाणीच जास्त. वर २०२१ च्या नियमांनी पन्नाशी ओलांडलेल्या गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, पण इंजिनात मोठे फेरफार केलेले चालत नाहीत. ५० वर्षं जपलेलं एका दुपारी घालवायचं, ते कशासाठी?

वाघबीळ_चोक
काका, म्हाताऱ्यांचा उल्लेख चुकला, मागे घेतो. बाकी काही मागे घेत नाही.

तुमचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. इथेनॉल तुम्हीही पाजताय, फक्त तयारी न करता. पंपावर दुसरं मिळतंय का काही? मी कार्बोरेटर रबाळे एमआयडीसीतून आतून-बाहेरून निकेल प्लेटिंग करून आणला, होज आणि डायफ्रॅम व्हायटॉनचे, म्हणजे इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे, टाकले. ही माझी अक्कल नाही. फियाटनेच १९७९ मध्ये ब्राझीलमध्ये '१४७' इथेनॉलवर काढली होती. तुमची गाडीही मूळची फियाटचीच, तिची चुलत बहीणच म्हणा. तीही कार्बोरेटरवरच चालायची.

आणि उन्हाळ्यात माजिवड्याच्या सिग्नलला, पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडली म्हणून, बॉनेटखालच्या पेट्रोल पंपावर ओलं फडकं टाकून उभं राहणं तुम्ही केलेलंच असणार. २० टक्के मिश्रणाची वाफ साध्या पेट्रोलपेक्षा लवकर होते. शुद्ध इथेनॉलची उलट कमी होते. म्हणजे फडकं तुमच्या नशिबी, माझ्या नाही.

वागळे_गॅरेज
जेट ड्रिलने मोठं केलंत की रीमरने (भोक गोल राखून मोठं करणाऱ्या हत्याराने)? खरं सांगा.

पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, इथेनॉलला ९ पट. म्हणून इंधन वाढवावंच लागतं, ते बरोबर. जेट तेच ठेवलं तर मिश्रण पातळ होऊन इंजिन फटफट करतं आणि गरम होतं. पण हातड्रिलने पाडलेलं भोक गोल राहत नाही. दुसरं, टाकी. तीस वर्षांचा गाळ इथेनॉल सोडवतं आणि थेट फिल्टरमध्ये आणून टाकतं. माझ्याकडे आलेल्या एका गाडीचा फिल्टर दोन महिन्यांत तीनदा बदलला, मालक म्हणे फिल्टरच डुप्लिकेट. टाकी उतरवून धुतलीत का?

वाघबीळ_चोक
रीमरने. टाकी धुतली. (दुसऱ्यांदा. पहिल्यांदा धुतली नव्हती, घोडबंदर रोडला टोइंग झालं. झालं समाधान?)

नौपाडा_११००
झालं. वाचूनच गार वाटलं.

आता अॅव्हरेज सांगा. लिटरमागे ऊर्जा साधारण तिसऱ्या हिश्श्याने कमी. पद्मिनी बारा देत असेल तर आठ धरा. आणि भरता कुठे? मार्च २०२४ मध्ये ई-१००, म्हणजे तुमचं इथेनॉल, आलं ते सगळ्या देशात मिळून १८३ पंपांवर. इंधन आणायला जाण्यातच अर्धी टाकी संपणार.

कोपरखैरणे_उसवाला
सकाळपासून वाचतोय. मळी पाजली, मळी पाजली. मळी म्हणजे काय शिवी आहे का? आमचं घर सांगलीकडे, चार एकर ऊस. इथेनॉल आलं म्हणून कारखान्याच्या हातात चार पैसे आले. १९६६ च्या आदेशाप्रमाणे एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) १४ दिवसांत द्यायची असते. भावाचं बिल एका कारखान्याने चार महिने लटकवलं होतं, पोराची फी व्याजाने काढून भरली. तेव्हा कुणी धागा काढला नाही. डायफ्रॅम फुगला की लगेच देश बुडाला.

डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध आणले, तेव्हा हे गाडीवाले कुठे होते?

लातूरचा_वाशीत
तुमचे चार पैसे मान्य. पण २०१६ साली आमच्याकडे मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं, विसरलात? आई घागर घेऊन टँकरच्या रांगेत, आणि शिवेपलीकडे ऊस हिरवागार. त्याच उसाचं इंधन करून म्हणे पर्यावरण वाचवायचं. पाणी कुणाचं वाचलं ते सांगा.

कोपरखैरणे_उसवाला
मग लातुरात कारखाने कुणी काढले, आम्ही? ऊस तुमच्याकडेही लावतात. आता मक्यापासूनही इथेनॉल होतंय, त्याबद्दल काही म्हणणं? का फक्त सांगलीवाला दिसतो?

लातूरचा_वाशीत
दिसतो, कारण सांगलीवाला बोलतो फार. मक्याचं म्हणाल तर मेहुण्याची पोल्ट्री आहे. खाद्याचे भाव त्याला विचारा, मग फोन ठेवता येणार नाही तुम्हाला.

कोपरखैरणे_उसवाला
वाशीत बसून शॉवर घेणाऱ्यांनी पाण्यावर बोलू नये.

लातूरचा_वाशीत
बादलीने आंघोळ करतो. आजही. सवय गेली नाही आणि घालवणारही नाही. तुम्ही ठिबक लावलंय का, ते एका शब्दात सांगा.

कोपरखैरणे_उसवाला
दोन एकरांवर.

लातूरचा_वाशीत
म्हणजे दोनावर नाही. धन्यवाद.

बी_विंग_सचिव
तुमचं ऊसपुराण चालू द्या. माझा साधा प्रश्न: या ऐतिहासिक गाड्या सोसायटीत उभ्या कुठे करता? आमच्याकडे एक महाशय सात वर्षं ताडपत्री घालून स्लॉट अडवून बसलेत. आत मांजर व्याली दोनदा. इंधन कुठलं याच्याशी मला घेणं नाही, गाडी हलली तरी पुरे.

नौपाडा_११००
माझी हलते. तीनहात नाक्यापर्यंत तरी.

वाघबीळ, एक राहिलं. आरसीवर इंधन काय लिहिलंय? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचलंय का? मंजुरीशिवाय फेरफार केलेली गाडी ठोकली तर विमा कंपनीच्या दारात निकेल प्लेटिंग दाखवणार का?

वाघबीळ_चोक
आरटीओचं बघतोय.

नौपाडा_११००
बघतोय म्हणजे केलेलं नाही.

वाघबीळ_चोक
केलेलं नाही. आणि अॅव्हरेज साडेसात आहे, आठ नाही. घ्या, अजून एक काडी. पण गाडी चढावर जशी ओढते तशी ३० वर्षांत कधी ओढली नव्हती, वडील म्हणतात. ऑक्टेन जास्त, टायमिंग पुढे घेता येतं, नॉकिंग (इंजिनाची खडखड) नाही. एकदा बसून बघा, मग लिहा.

वागळे_गॅरेज
इंजिनला इथेनॉल आवडतं, तिथे वाद नाही. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतच्या वाटेला सोसत नाही. ती वाट तर २० टक्क्यांसाठीही बदलावीच लागणार. नौपाडा, तुम्ही डायफ्रॅम नवा टाकलात, तो कुठला? साधाच ना? मग पुढच्या गणपतीत भेटू.

नौपाडा_११००
साधाच.

(चार दिवसांनी)

होज आणि डायफ्रॅम व्हायटॉनचे टाकले. होज तसेही जुने झाले होते, त्याचा या धाग्याशी संबंध नाही. टाकीत पंपावरचंच पेट्रोल आहे आणि तेच राहील.

वाघबीळ_चोक
अभिनंदन काका. होज किती फूट लागला?

नौपाडा_११००
चार. तुम्ही पाच घ्या, टाकीकडच्या टोकाला कमी पडतो.