ताबा सूचना : घर, प्लॉट, हप्ते आणि आपले अनुभव

गारखेडावाली

काल आमच्या धाकट्या दिरानं घरच्या ग्रुपवर पेपरातल्या जाहिरातीचा फोटो टाकला. बँकेचा ई-लिलाव, टू बीएचके, राखीव किंमत बाजारभावापेक्षा पाच-सहा लाखांनी कमी. खाली लिहिलं, "वहिनी, घेऊन टाकू का? भाड्यानं देऊ." सगळ्यांनी पटापट अंगठे दाखवले. मी फोन पालथा ठेवला आणि भांडी घासायला घेतली. बाई येणार होती तरी.

त्या जाहिरातीत कर्जदाराचं नाव असतं, जामीनदाराचं असतं, थकबाकीचा आकडा असतो पैशांसकट. २०१३ साली तसल्याच एका चौकटीत आमच्या अण्णांचं नाव होतं.

वाळूजला त्यांचं छोटं वर्कशॉप होतं. दोन लेथ, एक मिलिंग. कंपनीचं काम मिळायचं, पण पैसे आधी ९० दिवसांनी, मग १२० दिवसांनी. सीसी लिमिटला (धंद्यासाठी बँकेकडून घेतलेल्या उचलीला) गारखेड्यातलं रो हाऊस तारण. ऑर्डरी निम्म्यावर आल्या आणि व्याज थकायला लागलं. पहिली नोटीस रजिस्टरनं आली तेव्हा अण्णांनी पोस्टमनला सांगितलं, "घरी कुणी नाही म्हणून लिही." त्यांची पक्की समजूत, की नोटीस घेतलीच नाही तर ती लागू होत नाही. दुसरी दारावर चिकटवून गेले. आईनं रात्री पाणी मारून उलथन्यानं खरवडली. एका कोपऱ्यातला कागद निघेचना, तर त्यावर गणपतीचं स्टिकर लावलं. मग दोन पेपरांत आलं, एक मराठी आणि एक इंग्रजी. त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्यांनी पेपर वाचला आणि कुणीच काही बोललं नाही. ते न बोलणं मला अजून आठवतं.

शेवटी मावसांनी अण्णांना हाताला धरून बँकेत नेलं. साहेब म्हणाले, तुम्हीच गिऱ्हाईक आणा, आम्ही लेखी परवानगी देतो. ३४ लाखाला घर गेलं. बँकेचे २२ आणि इकडचे-तिकडचे हातउसने देऊन नऊ-साडेनऊ हातात राहिले. मुकुंदवाडीत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. हेच आठ महिने आधी केलं असतं तर व्याज, दंड आणि वकील मिळून तीन लाख तरी वाचले असते. पण आठ महिने आम्ही पडदे लावून घरात बसलो होतो.

तुमच्याकडं असं काही घडलं असेल, किंवा प्लॉट-फ्लॅटमध्ये पैसे घालून हात पोळले असतील, तर लिहा. बँकेचं, बिल्डरचं नाव नका घेऊ, उगं भानगड नको.

केजची लेक

ताई, उलथनं वाचून रडू आलं बघा. लिहिते नंतर, कुकर लागलाय.

बदनापूरकर

आमचं घर शाबूत आहे, प्लॉटनं मात्र आम्हाला खाल्लं.

समृद्धीची आखणी चालू होती, शेंद्रा-बिडकीन औद्योगिक पट्ट्याचं नाव रोज पेपरात. इकडं ज्याच्याकडं मोटारसायकल तो एजंट झालेला. रविवारी गाडीत बसवून न्यायचे, पिठलं-भाकरी, ठेचा, मठ्ठा. पाठीमागं मोठा फ्लेक्स, त्यावर स्विमिंग पूल. म्हणायचे, एअरपोर्ट १० मिनिटं. मी म्हणलं हेलिकॉप्टरनं का? सगळे हसले, मीपण हसलो आणि टोकन देऊन आलो.

एक गुंठा. १०० रुपयांचा बाँड, नोटरी. एनए (बिगरशेती) नाही. सातबारावर बघितलं तर २३ नावं आणि त्यातलं एक माझं. माझी जागा नेमकी कुठली हे त्या २३ जणांपैकी एकालाही सांगता येत नाही. तुकडेबंदीचा (जमिनीचे छोटे तुकडे विकायला अडवणारा) कायदा १९४७ सालचा आहे, माझ्या बापाच्या जन्माच्या आधीचा, आणि तो मला पैसे दिल्यावर कळला.

समृद्धी झाली, २०२२ च्या डिसेंबरात नागपूर-शिर्डी चालूपण झाली. मी तिच्यावरून जातो आणि खाली बघतो, माझा गुंठा दिसतो का. शेळ्या दिसतात.

हुरडापार्टी

बदनापूरकर, शेळ्या तुमच्याच हिश्श्यातल्या आहेत का हे तरी तपासा. २३ जणांत एक शेळी म्हणजे पाय पण येत नाही वाट्याला.

बदनापूरकर

शेपूट आलं तरी चालंल आता.

निवृत्त शिक्का

मी ३१ वर्षं बँकेत होतो, त्यातली शेवटची सहा वसुलीत. शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

गारखेडावाली यांच्या अण्णांसारखी समजूत मी शेकड्यानं पाहिली. नोटीस न घेतल्यानं ती थांबत नाही. पाकीट परत आलं की दारावर डकवायची, पेपरात द्यायची, झालं. उलट तुमचे दिवस जातात. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीए, म्हणजे बुडीत धरायला लागतात. मग सरफेसी कायद्याच्या (२००२ चा, बँकेला कोर्टात न जाता तारण विकू देणारा) कलम १३(२) ची नोटीस, तिची मुदत ६० दिवस. या ६० दिवसांत तुम्ही लेखी हरकत दिली तर बँकेला १५ दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. किती लोकांनी दिली माझ्याकडं? बोटावर मोजण्याइतक्या. त्यानंतर ताबा, तो आधी कागदोपत्री. प्रत्यक्ष कुलूप लावायचं तर बहुतेक वेळा जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश आणि पोलीस घेऊन यायचं. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं. आपल्याकडं ते संभाजीनगरला आहे, मुंबई गाठायची गरज नाही.

आणि एक. १३(२) ची नोटीस आल्यावर बँकेच्या लेखी संमतीशिवाय घर विकता येत नाही. पण संमती मागितली तर शाखा खूशच होते, आम्हाला लिलाव कुठं हवा असतो! तीन-तीन वेळा जाहिरात द्यायची, बोलीच येत नाही, मग राखीव किंमत उतरवायची. लिलावात जास्तीचे आले तर ते कर्जदाराचेच असतात, बँक ठेवून घेऊ शकत नाही. पण जास्तीचे येतात कुठं.

जो माणूस स्वतःहून शाखेत येऊन खुर्चीवर बसला त्याच्यासाठी मी मुदत वाढवून घेतली, ओटीएसला (एकरकमी तडजोडीला) वरच्या ऑफिसात भांडलो. जो आला नाही त्याची फाईल फक्त पुढं सरकली.

वाळूज पंढरपूर

सायेब भिंतीवर लाल रंगात "ही मिळकत बँकेकडे गहाण आहे" लिहिणारे तुम्हीच का? आमच्या चुलत्याच्या भिंतीवर लिवलं व्हतं. घर सोडवलं, तीनदा चुना दिला, पयल्या पावसात परत दिसतंय. 'गहाण' तेवढं दिसतं. बाकी धुऊन गेलं.

निवृत्त शिक्का

मी नाही लिहिलं, पण लिहायला माणूस पाठवला आहे. खोटं कशाला बोलू.

औसेकर

आमच्या आज्जीला "घर गेलं" म्हणलं की बँक आठवत नाही, ३० सप्टेंबर १९९३ आठवते. किल्लारीपासून आमचं गाव जवळ. दगडमातीचं माळवद होतं. ती म्हणती, पहाटं घर गेलं तेव्हा सगळा गाव आमच्यासंगं रडला, तुमचं बँकवाल्यांचं घर गेल्यावर माणूस एकटाच रडतो. विषय वेगळा आहे, पण ती शेजारी बसून "काय वाचायलास" विचारायली म्हणून लिहिलं.

गारखेडावाली

औसेकर, आज्जीला नमस्कार सांगा. किती खरं बोलल्या.

लातूरचा मामा

आता माझं ऐका, कारण लातूरमधी खोल्या बांधायच्या म्हणून अजूनपण लोकं विचारायलेत.

२०१८ ला क्लासेसच्या भागात नऊ खोल्या बांधल्या. कर्ज २८ लाख, १५ वर्षं, हप्ता २९ हजाराच्या पुढं. खोलीत दोन पोरं, पोरामागं अडीच हजार, म्हणजे महिन्याला ४५ हजार. कागदावर सोन्याची कोंबडी. आता वजाबाकी करा. पोरं दहा महिने राहतात, बारा नाही. उन्हाळ्यात टँकर. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं ते गाव आहे आमचं, पाण्याचा हिशेब न करता खोली बांधणारा मी एकटाच शहाणा. मोटार जळणं, नळ तुटणं, घरपट्टी, झाडणारी मावशी. हप्ता जाऊन हातात चांगल्या वर्षी चार-पाच हजार महिना. एफडी बरी होती.

मग मार्च २०२०. आठ दिवसांत नऊच्या नऊ खोल्या रिकाम्या. पोरांच्या गाद्या, कुकर, नीटची पुस्तकं तशीच. ऑगस्टपर्यंत हप्ते पुढं ढकलायची सवलत मिळाली, मला वाटलं माफ झाले. माफ कशाचं! सहा महिन्यांचं व्याज मुद्दलात जमा, सव्वा लाखाच्या वर. पुढचं वर्षभरपण पोरं आली नाहीत. बायकोच्या पाटल्या गेल्या, मग उदगीरच्या रोडचा प्लॉट गेला. तीन हप्ते सलग चुकले तेव्हा मी बँकेत गेलो, निवृत्त सायेब म्हणायलेत तसं खुर्चीवर जाऊन बसलो. मॅनेजर पोरगं होतं, पंचविशीचं. म्हणलं, काका, मुदत पाच वर्षं वाढवतो. वाढवली. आता मी ६७ चा होईपर्यंत फेडायचंय.

खोल्या भरल्यात आता. कुणी विचारलं तर मी एवढंच विचारतो, सहा महिने एकपण पोरगं आलं नाही तर हप्ता कुठून भरणार ते आधी सांग.

नांदेडकर

मामा, मुदतीचं आमचंपण तेच. २०२१ ला स्वस्त व्याज म्हणून तरोड्याकडं फ्लॅट घेतला, बदलत्या दरानं. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो) ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बँकेनं आधी गुपचूप मुदत वाढवली, ती माझ्या निवृत्तीच्या पुढं गेल्यावर हप्तापण वाढवला. मेसेज आला होता म्हणे. मेसेज कोण वाचतंय, दिवसाला ४० येतात.

परभणीची माई

धागा चुकला का माझा? मी ढेमशाच्या भाजीचा शोधत होते.

आता आलेच आहे तर वाचलं सगळं. आमच्या ह्यांनी आयुष्यभर विद्यापीठाच्या क्वार्टरमध्ये काढली, घर बांधलंच नाही, मी कितीदा भांडले. आज पहिल्यांदा वाटलं बरं झालं.

हुरडापार्टी

माई, ढेमशात दाण्याचं कूट आणि थोडा काळा मसाला. गूळ अजिबात नको.

केजची लेक

आले. आमचं कर्जच नव्हतं, तरी घर गेलं असतं.

सासरे जामीन राहिले होते. भावकीतल्या एकानं पतसंस्थेतून हॉटेलसाठी कर्ज काढलं, सासऱ्यांनी चहा पिऊन सही केली. दोन वर्षांत हॉटेल बंद, माणूस पुण्याला गायब. पतसंस्थेनं सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला काढला आणि वसुली अधिकारी आमच्या दारात. सासरे म्हणत होते, "घेतलं त्यानं, मला काहून?" त्यांनी शांतपणे कागद दाखवला. सही मोठ्ठी, वळणदार. सासऱ्यांना अक्षराचा फार अभिमान.

लोकांत असा समज आहे की शेतजमिनीला कुणी हात लावत नाही. सरफेसीत लावता येत नाही हे खरंय. पण सहकारी संस्थेच्या वसुलीचा रस्ता वेगळा आहे, त्यांनी आमच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बोजा चढवला. अडीच एकर गुंतलं. तो बोजा उतरवायला आम्ही साडेचार लाख भरले, ऊस गेला की थोडे, कापूस गेला की थोडे. सहा वर्षं. नणंदेचं लग्न त्यातच लांबलं. भावकीतला तो आता पुण्यात टू बीएचकेमध्ये राहू लालाय, स्टेटसला फोटो असतात.

सासरे आता लग्नपत्रिकेवर नाव टाकायलापण घाबरतात.

वाळूज पंढरपूर

हाहाहा शेवटचं वाक्य. माफ करा ताई, हसू आलं.

केजची लेक

हसा हो, आम्हीपण हसतो आता.

देवळाई चौक

गारखेडावाली, दिराच्या प्रश्नावर लिहितो कारण मी लिलावातला फ्लॅट घेतलाय, तीन वर्षांपूर्वी.

स्वस्त दिसतो, पण जाहिरातीत "जसे आहे जेथे आहे" लिहिलेलं असतं ते गमतीनं नसतं. आधी बघा ताबा कसला आहे, सांकेतिक (नुसता कागदोपत्री) की प्रत्यक्ष. माझा सांकेतिक होता, आत कर्जदाराचा भाडेकरू. तो निघेपर्यंत ११ महिने गेले, ते माझे हप्ते आणि माझं घरभाडं दोन्ही चालू. सोसायटीची थकबाकी एक लाख ७२ हजार, घरपट्टी वेगळी, मीटर काढून नेलेलं. गुंठेवारीतली (परवानगीशिवाय पाडलेल्या प्लॉटवरची) बिल्डिंग असेल तर ती नियमित झाली आहे का, हे महापालिकेत जाऊन विचारा, एजंटला नाही.

आणि पैशांचं. १० टक्के अनामत भरून बोली लावली. जिंकल्यावर लगेच २५ टक्के पूर्ण करायचे आणि उरलेले १५ दिवसांत. माझ्या गृहकर्जाच्या फाईलला सर्च रिपोर्टवाल्यानं (मालकीचे जुने कागद तपासणाऱ्यानं) बारा दिवस लावले. तेराव्या दिवशी मी त्याच्या ऑफिसाबाहेर दगडावर बसून होतो, कारण पैसे वेळेत गेले नाहीत तर २५ टक्के जप्त. साडूकडून उसने घेऊन भरले. सगळं जमेस धरलं तर बाजारभावापेक्षा लाखभर वाचला असेल.

जुन्या मालकाची पत्रं अजून येतात. एकदा ते स्वतःच आले, खाली उभे होते. पत्रं द्यायला गेलो तर म्हणाले, "वर येत नाही, फक्त ते शेवग्याचं झाड बघायला आलो." शेंगा तोडून दिल्या. दुसरं काय देणार.

परभणीची माई

अरे देवा.

बदनापूरकर

गारखेडा ताई, अण्णा आता कसे आहेत? वर्कशॉप परत टाकलं का?

गारखेडावाली

नाही टाकलं. एका ओळखीच्याकडं सुपरवायझर होते ६५ पर्यंत. आता आमच्याजवळच पुंडलिकनगरला राहतात, भाड्यानंच. दिराला मी देवळाई चौक यांचा प्रतिसाद पाठवला, त्यानं वाचून "बघतो" म्हणलंय.

आज संध्याकाळी धीर करून हा धागा अण्णांना वाचून दाखवला. मला वाटलं रागावतील, चारचौघांत सांगितलं म्हणून. ते चष्मा पुसत ऐकत होते. म्हणाले, "दोन नाही, तीन नोटिसा आल्या होत्या. तिसरी तुझ्या आईनं चुलीत घातली."

आई आतून ओरडली, "गारखेड्याला चूल कुठं होती? गॅस होता. तिसरी मी पिठाच्या डब्याखाली घातली होती, डबा डुगडुगायचा म्हणून."

हुरडापार्टी

काकूंना साष्टांग नमस्कार. डबा आता नीट बसतो का तेवढं विचारा.