बडोदा : फुकट काम करायला तयार आहे, कुणी घेईना!

पाटीपेन्सिल : रिटायर झालो. घरी बसून गंज चढतोय, डॉक्टरही म्हणाले कशाततरी गुंतवून घ्या. दोन महिने खेटे घालतोय. एका शाळेत "काका, कळवतो". एका ट्रस्टने फॉर्म भरून घेतला, पुढे गप्प. सेवेचं काम कुठे मिळेल? पत्ता सांगा, उपदेश नको.

रावपुरेकर : वय? राहता कुठे? येतं काय? एवढं तरी लिहा की.

सेवउसळ : सकाळी सहाला कमाटीबागेत या. चार फेऱ्या, मग उसळ. बीपी आपोआप खाली.

रावपुरेकर : लाल तरी ओतून बीपी खाली? वा!

पाटीपेन्सिल : ६७. दांडिया बाजार. आयुष्य हिशेबखात्यात गेलं. जिने चढवत नाहीत.

मोगरा : बाल्टिमोरला 'एक्सपीरियन्स कोअर' म्हणून उपक्रम होता. साठीपुढची माणसं आठवड्याला १५ तास प्राथमिक शाळेत जाऊन मुलांचं वाचन घ्यायची. पाय, डोकं, बोलणं, सगळं चालू राहतं.

रावपुरेकर : १५ तास म्हणजे पुन्हा नोकरीच! २०२० साली हार्वर्डवाल्यांनी पन्नाशीपुढचे सुमारे १३ हजार लोक तपासले. वर्षाला १०० तास, म्हणजे आठवड्याला जेमतेम दोन, एवढं करणाऱ्यांतही मृत्यूचं प्रमाण कमी दिसलं.

मोगरा : धडधाकट असतात तेच घराबाहेर पडतात हो. हिशेब उलटाही असेल.

रावपुरेकर : आधीची तब्येत धरूनच हिशेब केलाय त्यांनी.

निवृत्त_नाना : नोव्हेंबरात हयातीचा दाखला विसरू नका. आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो.

पाटीपेन्सिल : नाना, दाखला दिलाय. आता खरं सांगतो. त्या शाळेत एक दिवस फळ्यावर लिहिलं होतं. गुजराती जन्मापासून बोलतो, पण शाळा मराठी. गुजराती अक्षरांवर रेघ नसते, पण खडू हातात आला की ओढली जातेच. पोरं खिदळली, "दादा, उपर लीटी केम?" बाईंनी डस्टर घेऊन नुसत्या रेघा पुसल्या, अक्षरं ठेवली. मग म्हणाल्या, कळवतो.

रावपुरेकर : अहो, हे आधी सांगायचं! बहिणीच्या सोसायटीत कामवाल्या बायकांची मुलं संध्याकाळी तळमजल्यावर बसतात. पाढे घ्यायला कुणी नाही. तोंडी पाढ्यांना कसली रेघ? तुमच्यापासून चालत दहा मिनिटं. खाजगी निरोप पाठवतो.

पाटीपेन्सिल : किती वाजता? साडेसातला मी जेवतो.

सेवउसळ : आणि सकाळी सहाचं काय ठरलं?