घराचं काम एकाच कॉन्ट्रॅक्टरला द्यावं की तुकड्यातुकड्याने? वरखर्च कसा धरायचा?

वाईकर_८४:
नमस्कार मंडळी, वाईजवळ गावच्या प्लॉटवर १४०० स्केअरफुटाचं घर बांधायचंय, आम्ही दोघं भाऊ पुण्यात नोकरीला, गावी आई-वडीलच. एका कॉन्ट्रॅक्टरने विथ मटेरियल (माल, मजुरी सगळं त्याचंच) रेट दिलाय. धाकटा म्हणतो हा फार होतोय, आरसीसी (सळई-काँक्रीटचं काम) आणि बांधकाम लेबर रेटवर (नुसत्या मजुरीवर) देऊ, प्लंबर, वायरमन, फरशीवाला वेगवेगळे धरू, माल आपणच आणू. कागदावर पैसे वाचतात खरे, पण कोटेशनं गोळा करणं, मापं, बिलं तपासणं, हे काम कुणाचं यावरची भांडणं, दर शनिवारी गावाला हेलपाटा, हे कुठंच धरलेलं दिसत नाही. कसं धरायचं आणि कमी कसं करायचं?

साइटवरचा_इंजिनिअर:
तुकडे पाडा, पण एकाचं काम दुसऱ्याच्या कामाला कुठं जोडलंय, तो सांधा बघून पाडा. स्लॅब भरायच्या आधी वायरमनचे पाइप पडायला पाहिजेत, तो आला नाही तर सेंट्रिंग (स्लॅबच्या फळ्या-टेकू) अडकलं, माणसं बसून आणि हजेरी चालू. आणि सगळ्यात महाग पडतं बाथरूम. प्लंबर एक, वॉटरप्रूफिंगवाला दुसरा, टाइलवाला तिसरा, ओल आली की तिघं एकमेकांकडे बोट दाखवणार आणि फोडायचा खर्च तुमचा. हे तिन्ही एकाच माणसाला द्या, टाइल लावायच्या आधी पाणी कोंडून दोन दिवस ठेवायचं ही अट लिहून घ्या. रंग, ग्रिल, फर्निचर खुशाल वेगळं द्या, तिथं कुणाचं कुणावाचून अडत नाही.

उक्तं_काम:
मी स्वतः लेबर कॉन्ट्रॅक्ट घेतो. दादा टॅक्स पण बघा, एकट्या राहत्या घराचं नुसतं मजुरीचं काम असेल तर त्यावर जीएसटी नाही, विथ मटेरियलला रजिस्टर्ड माणूस १८ टक्के लावणार. पण पूर्ण १८ वाचतात असं धरू नका, सिमेंट-सळई तुम्ही आणली तरी दुकानात टॅक्स भरताच, सिमेंटवर सप्टेंबर २०२५ पासून २८ चा १८ झालाय एवढंच.
बाकी भांडणं सगळी मापावरून होतात. स्लॅबचा स्केअरफूट छज्जा, जिना, बाल्कनी धरून का सोडून ते आधी ठरवा. मापं आयएस १२०० (बांधकामाची मापं कशी घ्यायची याचं भारतीय मानक) प्रमाणे एवढं एक वाक्य करारात टाका, त्यात प्लास्टरला अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या भागाची (खिडकी, झरोका) वजावटच नाही, पुढे ३ चौरस मीटरपर्यंत भिंतीच्या दोन्हीकडे सारखं प्लास्टर असलं तर एकाच बाजूची. जादा कामाचा रेट काम व्हायच्या आधी व्हॉट्सॅपवर घ्या, आम्हालापण तेच बरं पडतं.

अर्थशास्त्र_शिकवते:
काम स्वतः सांभाळावं की करारावर द्यावं आणि त्यातला वरखर्च, यावरच्या कामासाठी अर्थतज्ज्ञ ऑलिव्हर विल्यमसनना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालंय. त्यांचा मुद्दा असा की करार होईपर्यंत पाच जण रेट द्यायला तयार असतात, काम अर्धं झालं की तुम्ही त्या एकाच माणसात अडकता, कारण दुसऱ्याचं अर्धवट काम हातात घ्यायला कुणी राजी नसतं. म्हणून उचल कमी द्या, टप्पा झाला की पैसे, थोडी रक्कम एक पावसाळा जाईपर्यंत मागे ठेवा. पण टप्प्याचे पैसे मात्र वेळेवर द्या हं, नाहीतर तोही उशिराचा खर्च रेटमध्येच धरून येतो.

वाईकर_८४:
खूप आभार सगळ्यांचे. मग वडिलांनी रोज उभं राहायचं का?

साइटवरचा_इंजिनिअर:
नको, वडिलांना रोज उन्हात उभं करू नका. तालुक्यातलाच एखादा इंजिनिअर व्हिजिटवर ठरवा, फुटिंग (कॉलमचा पाया), प्रत्येक स्लॅबची सळई आणि वॉटरप्रूफिंग त्याने बघितल्याशिवाय पुढचं काम नाही. त्याची फी, तुमचे हेलपाटे, साइटवर उरणारा माल हे सगळं धाकट्याच्या आकड्यात मिळवा आणि मग विथ मटेरियलच्या रेटशी लावून बघा.