मदत हवी आहे: लॅपटॉप मिटल्यावर तुम्ही काय करता?

मंडळी, मी पुण्यात वेब डेव्हलपर आहे, काम घरूनच. दिवसभर सीएसएसशी (वेबपानाची मांडणी-रंगरूप ठरवणाऱ्या कोडशी) झटापट आणि रात्री विरंगुळा म्हणून पुन्हा तोच लॅपटॉप! डोळे चुरचुरतात, मान धरते. दर 20 मिनिटांनी 20 सेकंद 20 फूट लांब बघायचं म्हणतात, पण माझ्या खिडकीसमोर 8 फुटांवर शेजारच्या इमारतीची भिंत. दोन रविवार पर्वतीच्या 103 पायऱ्या चढलो. तिसऱ्या रविवारी वर कठड्यावर बसून फोनवर बग सोडवत होतो. बायकोने हात टेकले. वहीत लिहायला बसलो तर चार ओळींत पेन अडतं. याच धंद्यातल्या कुणी संध्याकाळ मोकळी करून घेतली आहे का? कशी? जिम सुचवू नका, वर्षाचे पैसे भरून झालेत.