वुडन शिप्स : जवारीचा दोरा कोणी काढला?

खर्ज :

सॅन फ्रान्सिस्कोच्या वुडन शिप्स या रॉक बँडच्या चौकडीचे (इंग्रजी नावात एक मुका 'जे' उगाचच घुसवलेला आहे) पाचही मुख्य अल्बम मी नुकतेच क्रमाने पुन्हा ऐकले आणि माझे जुने मत अधिकच पक्के झाले. २००७ चा बँडच्याच नावाचा पहिला अल्बम आणि २००९ चा 'डॉस' हेच त्यांचे अस्सल काम आहे. २०११ च्या 'वेस्ट'पासून हा बँड टप्प्याटप्प्याने सभ्य होत गेला.

पहिले दोन्ही अल्बम त्यांनी आपल्या तालमीच्या जागेतच ध्वनिमुद्रित केले होते आणि त्या खोलीचा कोंदटपणा त्यांत शिल्लक आहे. ओमर अहसानुद्दीनचा ठेका जागचा हलत नाही, डस्टी जर्मीयरचा बास मोजक्या स्वरांची एकच ओळ घोकत राहतो, नॅश व्हेलनचा ऑर्गन मागे धरून ठेवलेला असतो आणि रिप्ली जॉन्सनचा आवाज एकोमध्ये इतका बुडालेला असतो की शब्द कळत नाहीत, आणि ते कळावेत अशी कोणाची अपेक्षाही नसते. 'शाइन लाइक सन्स' किंवा 'डाउन बाय द सी' ही गाणी दहा मिनिटांच्या पुढे जातात. चौथ्या मिनिटाला कंटाळा येतो, सातव्या मिनिटाला तो कंटाळाच गळून पडतो आणि त्यानंतर जे उरते त्यासाठीच मी हा बँड ऐकतो. (घरच्यांचे मत वेगळे आहे, 'डॉस' लावला की मिक्सर बंद करायला सांगतात.)

यात फझचे, म्हणजे गिटारचा आवाज मुद्दाम खरखरीत करणाऱ्या परिणामाचे, काम मला तंबोऱ्याच्या जवारीसारखे वाटते. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा नेमका बसला की तार घोडीला निसटता स्पर्श करत राहते आणि एका स्वरातून स्वरांचा पुंजका उठतो. फझ पेडलही लहरीचे माथे छाटून तिच्यात मुळात नसलेले वरचे स्वर भरतो आणि नाद लांबवतो. 'वेस्ट'साठी बँड प्रथमच फिल मॅनलीसारख्या जाणत्या ध्वनिमुद्रकाबरोबर रीतसर स्टुडिओत गेला, प्रत्येक वाद्य वेगळे ऐकू येऊ लागले, आणि २०१३ च्या 'बॅक टू लँड'मध्ये तर चक्क अकूस्टिक गिटार आली. जवारीचा दोराच काढून टाकल्यावर नुसती तार छेडण्यात काय अर्थ?

निशाचर :

जवारीची उपमा मला आवडली, पण ती आपल्याच विरोधात जाते. सुरेल मिळवलेला तंबोरा ऐकणे हा आनंद आहे हे मान्य. तरीही तासभर नुसता तंबोरा ऐकायला मैफलीला कोणी जात नाही. त्या आसेवर, म्हणजे रेंगाळणाऱ्या नादावर, काहीतरी उभे राहावे लागते. 'बॅक टू लँड'मध्ये ते प्रथमच उभे राहिले, असे माझे मत आहे. जॉन्सन आणि अहसानुद्दीन तोवर ओरेगनमधील पोर्टलंडला राहायला गेले होते, अल्बमही तिथेच झाला, आणि 'दीज शॅडोज'सारख्या गाण्यात ठेका तोच असूनही आवाज धुक्यातून बाहेर येतो. ज्याला आपण सभ्यपणा म्हणता, त्याला मी मोकळी हवा म्हणेन.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. हा बँड सुरू झाला तेव्हा जॉन्सनने वाद्ये न येणाऱ्या माणसांना मुद्दाम एकत्र केले होते, कारण त्याला वादनातली सफाईच नको होती. तो प्रयोग त्या रूपात टिकला नाही, पण पहिल्या अल्बमचा ओबडधोबडपणा त्याच कल्पनेतून आलेला आहे. पुढे पहिल्या अल्बममधलीच चार माणसे अनेक वर्षे एकत्र वाजवत राहिली. हात तयार झाल्यानंतरही अडाणीपणाचे सोंग आणावे, असा आग्रह श्रोत्याने का धरावा?

उलटतपासणी :

आपण दोघेही एकाच गाण्याच्या दोन प्रतींवरून भांडत आहात. पुनरावृत्तीला माझा विरोध नाही, पण ज्यांच्याकडून ही मंडळी शिकली त्यांच्याकडे पाहा. जर्मनीच्या नॉय! या जोडीने १९७३ च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी पैसे संपल्यावर आपल्याच जुन्या सिंगलमधील गाणी कमी-जास्त वेगाने फिरवून तबकडीची दुसरी बाजू भरली. लोक चिडले, पण त्या अडचणीतून काहीतरी नवे निघाले. वुडन शिप्सला बारा वर्षांत अशी एकही अडचण आली नाही, आणि ऐकताना ते जाणवते.

खर्ज :

उलटतपासणी यांना इतकेच सांगतो की मला पाच वेगळी गाणी नकोच आहेत. एकच गाणे पाच वेळा वाजवले, तरी पहिल्या दोन वेळा ते अंगावर येते आणि नंतर येत नाही, एवढाच माझा दावा आहे.

निशाचर यांचा सोंगाबद्दलचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही. २०१८ चा 'व्ही' ऐकताना तो मला विशेष पटला. २०१७ च्या उन्हाळ्यात पोर्टलंडच्या आसपासची जंगले पेटली होती आणि शहरात राख पडत होती. 'स्टेअरिंग ॲट द सन'ची पार्श्वभूमी तीच आहे. दोन बोटांच्या शांततेच्या खुणेवरून नाव घेतलेल्या या अल्बममध्ये फझ बराच विरळ आहे, आणि हे गाणे इतके सैल व संथ आहे की पहिल्या अल्बमच्या काळात या चौघांना ते वाजवता आले नसते. गाणे सुंदर आहे, यात वाद नाही. पण त्याने गुंगी येत नाही, आणि मी गुंगीसाठी आलो होतो.

निशाचर :

ती गुंगी कुठे गेली असावी याबद्दल माझा एक तर्क आहे. २००९ मध्येच जॉन्सनने सनाए यामादाबरोबर मून ड्युओ सुरू केले: गिटार, कीबोर्ड आणि ड्रम-मशीन, म्हणजे पुनरावृत्तीचा आणखी कडक अवतार. त्यांचा 'मेझेस' २०११ चा आहे, म्हणजे 'वेस्ट'च्याच वर्षीचा. घोकण्याची हौस फिटवायला दुसरे घर मिळाल्यावर या चौकडीने इथे खिडक्या उघडल्या असतील, तर त्यांना दोष कसा द्यायचा?

खर्ज :

'मेझेस' माझ्याकडे आहे आणि तो मी आवडीने ऐकतो, पण तो या प्रश्नाचे उत्तर होत नाही. यंत्राला तोच ठेका धरून ठेवण्याचे कष्ट पडत नाहीत. 'डाउन बाय द सी' संपत येते तेव्हा अहसानुद्दीनचे हात दुखत असणार, हे मला माहीत असते, आणि ते माहीत असल्यामुळेच मी श्वास रोखून ऐकतो. 'बॅक टू लँड' मात्र आपल्या म्हणण्याखातर आज रात्री पुन्हा लावतो, या वेळी हेडफोन न घालता.