सारख्या वाटणाऱ्या संज्ञा वेगळ्या कशा ओळखायच्या? (अर्थशास्त्र, सुरुवातीचा अभ्यास)

नवी_वही

नमस्कार. यंदा अर्थशास्त्र हा विषय पहिल्यांदाच घेतला आहे. व्याख्या पाठ होतात, पण प्रश्न जरा फिरवून आला की अडखळायला होतं. सरावाच्या प्रश्नांत एक विधान आहे: ‘किंमत वाढली की मागणी घटते, मागणी घटली की किंमत उतरते, म्हणून किंमत वाढली की ती आपोआप उतरते.’ उत्तर ‘चूक’ असं दिलंय. मला मात्र यातला प्रत्येक तुकडा बरोबर वाटतो. मग सगळं मिळून चूक कसं?

आणखी दोन शंका आहेत. चलनवाढ कमी झाली अशी बातमी येते, तरी वस्तू स्वस्त होत नाहीत, असं का? आणि सरकारची तूट कमी झाली तर कर्जही कमी व्हायला हवं ना? या सगळ्याला धरून एखादी युक्ती असेल तर सांगा. नुसतं पाठांतर नको आहे.

खडूफळा

बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे आणि तुझा पहिला प्रश्न मला फार आवडला. ती चूक नेमकी कुठे लपली आहे ते एकदा दिसलं की पुढची कितीतरी प्रकरणं सोपी जातात. म्हणून सविस्तर लिहितो.

मागणी म्हणजे एक आकडा नाही. मागणी म्हणजे अख्खं कोष्टक. समज, एका वस्तूची किंमत २ असेल तर लोक ८० नग घेतील, ५ असेल तर ५० आणि ८ असेल तर २०. हे सगळं मिळून मागणी. त्यातली एक ओळ उचलली, म्हणजे ‘किंमत ५ असताना ५० नग’, तर त्या ५० ला मागणीची मात्रा म्हणतात, ‘मागणी केलेली नगसंख्या’ म्हण हवं तर. किंमत २ वरून ५ झाली तेव्हा लोक ८० वरून ५० वर आले, पण कोष्टकातला एकही आकडा बदलला नाही. आपण फक्त एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेलो. पाठ्यपुस्तक याला मागणीचा संकोच म्हणतं.

आता लोकांचं उत्पन्न वाढलं आणि त्याच तीन किमतींना ८०, ५०, २० च्या जागी १००, ७०, ४० नग घ्यायची त्यांची तयारी झाली. इथे कोष्टकच नवं आलं. ही मागणीतली वृद्धी.

तुझं विधान परत वाच. पहिल्या तुकड्यात ‘मागणी घटते’ म्हणजे एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर जाणं. दुसऱ्या तुकड्यात ‘मागणी घटली की किंमत उतरते’ हे खरं आहे, पण ते कोष्टक बदललं तर. शब्द तोच राहिला आणि अर्थ मध्येच बदलला, म्हणून निष्कर्ष घसरला.

आकृती काढताना मी विद्यार्थ्यांना एकच प्रश्न विचारतो: जे बदललं ते अक्षावर आहे का? आहे, तर बिंदू रेषेवरून सरकतो. नाही, तर रेषाच जागा सोडते. उभ्या अक्षावर किंमत, आडव्या अक्षावर नग. म्हणून वस्तूच्या स्वतःच्या किमतीमुळे तिची मागणीरेषा कधीही जागा सोडत नाही. उत्पन्न, आवडनिवड, पर्यायी आणि पूरक वस्तूंच्या किमती, पुढच्या काळाबद्दलच्या अपेक्षा, यांतलं काहीच अक्षावर नाही, त्यामुळे यांच्याने रेषा हलते.

इतिहासातलं एक उदाहरण यावर फार चपखल बसतं. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब तेल उत्पादक देशांनी उत्पादन घटवलं आणि काही देशांना तेल देणं बंद केलं. कच्च्या तेलाचा पिंपामागचा भाव सुमारे ३ डॉलरवरून १९७४ च्या सुरुवातीपर्यंत १२ डॉलरच्या आसपास गेला. तेलाच्या आकृतीत काय झालं? पुरवठ्याची रेषा डावीकडे सरकली. मागणीची रेषा होती तिथेच राहिली, लोक तिच्यावरून वर चढले. पण त्याच वेळी मोठ्या, खूप इंधन पिणाऱ्या मोटारींची आकृती काढ. तिच्या उभ्या अक्षावर मोटारीची किंमत आहे, तेलाची नाही. त्यामुळे तेल महागलं तेव्हा मोठ्या मोटारींची मागणीरेषाच डावीकडे गेली. घटना एकच, पण एका आकृतीत रेषेवरचा प्रवास आणि दुसरीत रेषेचं स्थलांतर. ही दोन चित्रं शेजारी शेजारी स्वतः काढून बघ. वाचून कळणं आणि काढून कळणं यांत फरक आहे.

याच घटनेतून लवचिकताही समजते, म्हणजे किंमत एक टक्क्याने बदलली तर मागणीची मात्रा किती टक्क्यांनी बदलते ते. भाव चौपट झाला तरी तेलाचा वापर काही एक चतुर्थांशावर आला नाही. घरातली तापनयंत्रणा, कारखान्यांची यंत्रं, दारातली मोटार हे सगळं एका रात्रीत बदलता येत नाही. पुढच्या वर्षांत कमी इंधनावर चालणाऱ्या गाड्या आणि यंत्रं आली, तेव्हा वापरावर खरा परिणाम दिसू लागला. थोडक्यात, लवचिकता वेळेबरोबर वाढते.

आणि एक, ज्यावर जवळजवळ प्रत्येक वर्ग अडतो. मागणीरेषा सरळ असली म्हणजे तिच्यावर लवचिकता सगळीकडे सारखी असते असं नाही. आपलंच पहिलं कोष्टक घे. किंमत १ ने वाढली की नग १० ने घटतात, हे सगळीकडे सारखं आहे. पण लवचिकता टक्क्यांत मोजतात. किंमत २ असताना ती येते ०.२५, ५ असताना १ आणि ८ असताना ४. उतार नगांत आणि किमतीत मोजला जातो, लवचिकतेला एककच नसतं. म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तूंच्या लवचिकतेची तुलना करता येते, उतारांची नाही.

तुझ्या बाकीच्या दोन प्रश्नांची किल्लीही एककातच आहे. उद्या लिहितो.

आकडेमोड

खडूफळा सरांच्या एककाच्या मुद्द्याला जोडून बेरोजगारीच्या दराचं सांगतो. भागाकारात खाली काय आहे ते न बघता निष्कर्ष काढू नये. श्रमशक्तीत १०० माणसं आहेत, त्यांतली १० बेकार. दर १० टक्के. आता त्या दहांपैकी चार जणांनी कंटाळून काम शोधणंच सोडलं. काम न शोधणारा माणूस श्रमशक्तीत धरत नाहीत. म्हणजे ९६ पैकी ६, दर ६.२५ टक्के. कोणालाही नोकरी मिळाली नाही आणि दर मात्र घसरला. आमच्याकडे सांख्यिकीच्या पहिल्याच तासाला हे उदाहरण घेतलं होतं.

खडूफळा

@आकडेमोड, उत्तम उदाहरण. म्हणूनच बेरोजगारीच्या दरासोबत श्रमशक्तीतल्या सहभागाचा दरही बघतात.

@नवी_वही, आता चलनवाढ. किंमतपातळी आणि चलनवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पातळी निर्देशांकाने मोजतात. चलनवाढ म्हणजे ती पातळी वर्षभरात किती टक्क्यांनी वर गेली. डोंगर चढताना चढ कमी झाला म्हणून आपण खाली येत नाही, फक्त वर जाण्याचा वेग मंदावतो.

अमेरिकेचे आकडे घे. १९८० मध्ये तिथला चलनवाढीचा वार्षिक दर सुमारे १३.५ टक्के होता. मध्यवर्ती बँकेचे प्रमुख पॉल व्होल्कर यांनी पैशाचा पुरवठा आवळून धरला, व्याजदर प्रचंड चढले, मंदी आली आणि १९८३ मध्ये हा दर सुमारे ३.२ टक्क्यांवर आला. चलनवाढीविरुद्धची ही मोहीम अजूनही अभ्यासली जाते. पण याच तीन वर्षांत ग्राहक किंमत निर्देशांक ८२.४ वरून ९९.६ वर गेला (१९८२ ते ८४ ची सरासरी १०० धरून). म्हणजे किमती सुमारे २१ टक्क्यांनी चढल्याच. दर उतरला, पातळी चढत राहिली, आणि दोन्ही विधानं एकाच वेळी खरी.

पातळी खरोखर खाली यायची तर चलनवाढीचा दर शून्याखाली जावा लागतो. तसं १९२९ ते १९३३ मध्ये अमेरिकेत झालं, किमती जवळपास एक चतुर्थांशाने उतरल्या. त्यातून सुख मिळालं नाही. १९३३ मध्ये तिथल्या श्रमशक्तीतला जवळपास दर चौथा माणूस बेकार होता, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होतं त्यांचं उत्पन्न घटलं तरी कर्जाचा आकडा तोच राहिला. ‘किमती उतरल्या की सगळ्यांचं भलं’ हे म्हणूनच सरसकट खरं नाही.

आता तूट आणि कर्ज. कर्ज म्हणजे साठा: अमुक तारखेला एकूण देणं किती. तूट म्हणजे प्रवाह: अमुक वर्षात खर्च उत्पन्नापेक्षा किती जास्त झाला. एक तारखेत बोलतो, दुसरा कालावधीत. कोणतीही नवी संज्ञा आली की आधी विचार, हिच्यापुढे ‘या तारखेला’ लावायचं की ‘या वर्षात’? संपत्ती साठा, उत्पन्न प्रवाह. भांडवल साठा, गुंतवणूक प्रवाह. लोकसंख्या साठा, जन्म प्रवाह. तूट आणि कर्जाचं उदाहरण तूच करून दाखव, मी उत्तर सांगत नाही.

स्थूल देशांतर्गत उत्पादन (जीडीपी) हाही प्रवाह, हे विसरू नकोस. भूकंपात घरं पडली तर साठा नष्ट होतो, पण त्या नुकसानाची वजाबाकी या आकड्यात होत नाही. घरं परत बांधायचं काम मात्र त्यात मिळवलं जातं. अर्थतज्ज्ञ सायमन कुझ्नेट्स यांनी १९३४ मध्ये अमेरिकी सिनेटला राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल दिला, तेव्हाच बजावलं होतं की या मोजमापावरून राष्ट्राच्या कल्याणाचा अंदाज बांधता येणार नाही. ज्यांनी मोजपट्टी घडवली त्यांनीच तिची मर्यादा सांगितली, याचं मला फार मोल वाटतं.

संधीचा_हिशेब

थोडा वेगळा सूर लावते. मला वाटतं सुरुवात संधी खर्चापासून करावी. १९३२ मध्ये अर्थतज्ज्ञ लायोनेल रॉबिन्स यांनी केलेल्या अर्थशास्त्राच्या व्याख्येचा गाभाच मुळी साधनं मर्यादित आणि त्यांचे उपयोग अनेक हा आहे. एक गोष्ट निवडली की दुसरी सोडावी लागते. त्या सोडलेल्या सर्वांत चांगल्या पर्यायाचं मोल म्हणजे संधी खर्च. हे न समजता आकृत्या काढणं मला उलटं वाटतं.

खडूफळा

क्रमाबद्दल भांडण नाही, तुमचा मुद्दा रास्त आहे. संधी खर्चातही तोच प्रश्न कामाला येतो: कशात मोजलं?

अर्थतज्ज्ञ डेव्हिड रिकार्डो यांचं १८१७ चं उदाहरण बघा. ठरावीक कापड बनवायला इंग्लंडमध्ये १०० माणसांचं वर्षभराचं काम लागतं, ठरावीक मद्याला १२०. पोर्तुगालमध्ये तेवढ्याच कापडाला ९० आणि मद्याला ८०. माणसांत मोजलं तर पोर्तुगाल दोन्हींत सरस, मग त्याने इंग्लंडकडून काही घ्यावंच कशाला? आता कापडाचा खर्च माणसांत न मोजता सोडलेल्या मद्यात मोजा. इंग्लंडला एका कापडामागे ५/६ मद्य सोडावं लागतं, पोर्तुगालला ९/८. कापड इंग्लंडला स्वस्त पडतं, मद्य पोर्तुगालला. म्हणून दोघांनी वाटून घेतलं तर दोघांचाही फायदा. आकडे तेच, मोजायचं एकक बदललं आणि उत्तर फिरलं. तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त ज्यांना अवघड जातो त्यांनी हा एक भागाकार स्वतः करावा, इतकंच माझं मागणं आहे.

नवी_वही

सगळ्यांचे आभार! तूट आणि कर्जाचं करून बघितलं. वर्षाच्या सुरुवातीला कर्ज १०००. पहिल्या वर्षी तूट १००, कर्ज ११००. दुसऱ्या वर्षी तूट ६०, कर्ज ११६०. तूट घटली, कर्ज वाढलं. कर्ज घटायला तूट कमी होऊन भागत नाही, शिल्लक उरावी लागेल. बरोबर ना?

अजून एक. प्रत्येक नियमात ‘इतर परिस्थिती कायम असताना’ असतं. प्रत्यक्षात काहीच कायम नसतं, मग नियमाचा उपयोग काय?

खडूफळा

कर्जाचं अगदी बरोबर.

दुसरा प्रश्न विषयाच्या मुळाशी जातो. समज, एखाद्या वस्तूची किंमत आणि खप दोन्ही पाच वर्षं वाढत गेले. हे बिंदू जोडून कोणी म्हणेल, मागणीचा नियम खोटा. पण त्या पाच वर्षांत लोकांचं उत्पन्नही वाढलं असेल, तर दरवर्षी मागणीरेषा उजवीकडे सरकत होती आणि आपण पाच वेगवेगळ्या रेषांवरचा एकेक बिंदू जोडला. ती मागणीरेषा नव्हेच. ‘इतर परिस्थिती कायम’ ही अट नसती तर ही गफलत ओळखताच आली नसती. जग थांबलं आहे असं ती म्हणत नाही. एका वेळी एकाच कारणाचा परिणाम वेगळा काढून बघ, एवढंच म्हणते.

प्रत्यक्ष आकड्यांतून तो वेगळा कसा काढायचा, हा खरा अवघड भाग. १९२८ मध्ये अर्थतज्ज्ञ फिलिप राइट यांनी एक वाट दाखवली: फक्त पुरवठ्यावर परिणाम करणारा घटक शोधायचा. पुरवठ्याची रेषा हलत राहिली आणि मागणीची स्थिर असली, तर बाजारातले बिंदू मागणीरेषेवरच पडत जातात. आता १९७३ च्या तेलाची आकृती परत काढ आणि मला सांग, जुना आणि नवा समतोल बिंदू (जिथे मागणी आणि पुरवठ्याच्या रेषा छेदतात) जोडला तर कोणती रेषा मिळते?